बारवेत गप्पी सोडण्याआधी: एका परक्या माशाचा इतिहास

गेल्या काही वर्षांत बारव-स्वच्छतेच्या छायाचित्रमालिकांना एक ठरावीक शेवट लाभला आहे. गाळ उपसला, झाडोरा काढला, पायऱ्या मोकळ्या झाल्या, संध्याकाळी दिवे लागले. आणि शेवटच्या छायाचित्रात कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून इवलेसे मासे पाण्यात सोडतो आहे. खाली मथळा असतो: ‘डासमुक्तीचा नैसर्गिक, पारंपरिक उपाय – गप्पी मासे.’ या मथळ्यातील दोन्ही विशेषणे खोटी आहेत. शिलालेखातील एका अक्षराच्या वाचनावरून रात्र रात्र वाद घालणारी आपली मंडळी हा मथळा मात्र निमूटपणे वाचून पुढे सरकतात, म्हणून हा धागा. मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम मासा. गप्पीचे शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा. त्याचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेचा ईशान्य कोपरा: व्हेनेझुएला, गयाना आणि समोरची त्रिनिदादसारखी बेटे. नर जेमतेम दीड ते साडेतीन सेंटिमीटर, रंगीबेरंगी. मादी त्याहून मोठी आणि मळकट. बहुतेक मासे अंडी घालतात, हा थेट पिले देतो. नराच्या गुदपराचे रूपांतर एका लांबट नळीसारख्या अवयवात झालेले असते. त्याने तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि सुमारे तीन ते चार आठवड्यांत पोहती, खाती, स्वतंत्र पिले बाहेर पडतात. एका वेळी वीस, तीस, कधी त्याहून पुष्कळ अधिक. आई त्यांना सांभाळत तर नाहीच, भूक असली तर खातेही. दोन-तीन महिन्यांत तीच पिले पुढची पिढी देण्याच्या वयात येतात.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. गप्पीची मादी एकदा मिळालेले शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते आणि नर जवळ नसतानाही एकामागून एक विणी देत राहते. त्रिनिदादमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकेकटी गाभण मादी वेगळ्या पाण्यात सोडली. एवढ्यावरही नवी वसाहत उभी राहू शकते, असे त्यांना दिसून आले. मासा ‘थोडासाच’ सोडला, हे समर्थन येथेच संपते.

आता नाव. गप्पी हे नाव गप्पांवरून पडलेले नाही, हे सांगावे लागते, कारण तसे गंभीरपणे सांगणारी मंडळीही भेटतात. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी हा लंडनमध्ये जन्मलेला गृहस्थ त्रिनिदादमध्ये शाळातपासनीस होता. फावल्या वेळात शंख-शिंपले आणि जीवाश्म गोळा करी. त्याने पाठवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंथरने १८६६ साली या माशाला गिरार्डिनस गप्पी असे नाव दिले. पण बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून सात वर्षे आधी, १८५९ मध्येच, त्याचे वर्णन करून ठेवले होते, आणि १८६१ मध्ये दे फिलिप्पी या इटालियन अभ्यासकाने बार्बाडोसच्या नमुन्यांना तिसरेच नाव दिले होते. अग्रहक्काच्या नियमाने शास्त्रीय नाव पीटर्सचे टिकले. लोकांच्या तोंडी मात्र साम्राज्याच्या शाळातपासनिसाचे नाव राहिले. त्रिनिदादच्या ओढ्यांत हे मासे पिढ्यान्‌पिढ्या पाहणाऱ्या लोकांनी त्यांना काय म्हटले, हे या तिन्ही विद्वानांच्या नामकरणात कोठेच उमटत नाही. ‘पारंपरिक उपाय’ म्हणून आपण जो शब्द मिरवतो, त्याचे वय दीडशे वर्षांच्या थोडे पलीकडे आणि गाव लंडन, हे ध्यानात असू द्यावे.

हा मासा हिंदुस्थानात आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी; १९०८ ते १९१० ही साले सामान्यतः दिली जातात. त्याच घराण्यातला गंबुसिया नावाचा दुसरा मासा मागाहून, १९२८ साली, इटलीहून आणला गेला. तोही पिले देणाराच. तो मूळचा अमेरिकेतील टेक्सास-मिसिसिपीकडचा. १९०५ मध्ये तो हवाई बेटांवर नेला गेला, १९२० च्या दशकात स्पेन-इटलीत पोहोचला आणि तेथून पुढे आपल्याकडे. त्याच्या नावाचा उगम क्यूबातला आहे. तेथील निसर्गतज्ज्ञ फेलिपे पोए याने १८५४ मध्ये ‘गंबुसिनो’ या स्थानिक शब्दावरून ते घडवले. मासेमारीस जाऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्याला तेथे ‘गंबुसिनो धरायला गेला होता’ असे म्हणत. गंबुसिनो म्हणजे काहीच नाही. हवाईपासून इटलीपर्यंतच्या आरोग्यखात्यांनी ज्याच्यावर इतकी आशा ठेवली, त्या माशाच्या नावाचा अर्थ ‘काहीच नाही’ असावा, ही मला या प्रकरणातील सर्वात प्रामाणिक नोंद वाटते.

हे मासे येथे का आणले गेले, याचे उत्तर मुंबईच्या विहिरींत आहे, आणि बारव-प्रेमींनी ते अवश्य वाचावे असे आहे.

१८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. दूषित हवेवर ठपका ठेवण्याचे दिवस संपले. आता डास कोठे वाढतो, एवढेच शोधायचे होते. मुंबईत ग्लेन लिस्टन आणि त्याच्यामागून चार्ल्स बेंटली यांनी ते शोधले. बेंटलीचा मुंबईच्या हिवतापावरील अहवाल १९११ सालचा. शहरातील हिवताप पसरवणारा डास ॲनाफिलीस स्टिफेन्सी हा घरांच्या आवारांतील विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, तेव्हा विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा त्याचा निष्कर्ष.

येथून खरे नाट्य सुरू झाले. पारशी कुटुंबांना धर्मविधीसाठी विहिरीचे पाणी हवे. अनेक हिंदू घरांना नळाचे पाणी पूजेला चालेना. कोठे विहिरीत पीर, कोठे देवता, कोठे पूर्वज. महापालिकेचे अधिकारी नोटिसा काढत आणि घरमालक शास्त्राधार पुढे करत. महापालिकेचे चिटणीस रुस्तम पेस्तनजी मसानी यांना या वादाने इतके पछाडले की, त्यातून ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे त्यांचे १९१८ चे पुस्तक उभे राहिले. विहिरींच्या भुताखेतांवर आणि जलपूजेवर लिहिणारा हा गृहस्थ पुढे मुंबईचा पहिला भारतीय महापालिका आयुक्त झाला. जलवास्तूंच्या लोकश्रद्धांवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक शोधून वाचावे. नोटिशीच्या कागदातून लोकविद्येचा ग्रंथ निघाल्याचे असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

विहीर बुजवली तर धर्म दुखावतो, नळ द्यावा तर पैसा लागतो. अशा पेचात विहिरीत मासे सोडणे हा उपाय किती सोयीचा, हे सांगायला नको. कोणी चिडत नाही, काही बांधावे लागत नाही, आणि काहीतरी केल्याचे दिसते. माझे म्हणणे एवढेच की, अळीभक्षक माशांचे धोरण जन्मापासून या सोयीच्या पोटी वाढले आहे.

पण त्यासाठी परका मासाच कशाला? येथे तर सरकारचेच एक प्रकाशन सरकारविरुद्ध साक्ष देते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १९१२ साली सिमूर सेवेल आणि बी. एल. चौधरी यांची एक पुस्तिका काढली. विषय: डासांचा नाश करण्यात ज्यांची उपयुक्तता सिद्ध झाली आहे असे हिंदुस्थानातील मासे. ज्याला आज शास्त्रज्ञ ॲप्लोकाइलस म्हणतात तो मासा त्यात आहे: पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी फिरणारा, वर वळलेल्या तोंडाचा, डोक्यावर चकाकता पांढरा ठिपका मिरवणारा. तळ्या-विहिरींत, भातखाचरांत आणि संथ ओढ्यांत हा नेहमीचा रहिवासी. अळ्या पृष्ठभागाशी श्वास घेतात आणि हा तेथेच शिकार करतो. म्हणजे १९१२ मध्येच छापील पुरावा होता की, या कामाला देशी मासे आहेत. तरीही पुढे परक्या माशांची आयात झाली, आणि शंभर वर्षांनंतर आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर ॲप्लोकाइलसचे नाव नाही, गप्पीचे आहे. कारण गूढ नाही. देशी मासा अंडी घालतो, ती पाणवनस्पतींना चिकटतात, पिले सावकाश वाढतात. गप्पी सिमेंटच्या हौदातही भराभर वाढतो, मोजता येतो, पिशवीत भरून पाठवता येतो. कागदावर उद्दिष्ट पुरे करायला तो फार आज्ञाधारक आहे.

मधला काळ थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर डीडीटी आले. १९५३ चा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम झाला. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली आणि मासे विस्मरणात गेले. मग डास डीडीटीला सरावले, यंत्रणा सैलावली आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. हौदातला मासा पुन्हा आठवला तो या पराभवानंतर. ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद त्याला लागले तेही याच पर्वात: फवारणीशी तुलना करता जे काही विषारी नाही ते सगळे पर्यावरणस्नेही, एवढ्याच अर्थाने.

आता विरोधी बाजूचे सगळ्यांत बळकट म्हणणे, कारण ते टाळून वाद घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९८३ पासून मलेरिया संशोधन केंद्राने रसायनांविना हिवताप आटोक्यात आणण्याचा जो प्रयोग केला, त्यात गप्पी होते. कर्नाटकातील काही गावांत डासांची पैदास मुख्यतः विहिरींतच होत होती. तेथे विहिरींत मासे सोडल्यावर अळ्या घटल्याचे अभ्यास आहेत. हे मान्य. पण खेड्यात खड्डे बुजवले होते, सांडपाण्याला वाट दिली होती, घरोघरी पाण्याची भांडी तपासली जात होती. श्रेय मात्र छायाचित्रात येणाऱ्या माशाला मिळाले. आणि कर्नाटकात विहीर हेच मुख्य पैदासस्थान आहे, हे आधी शोधले गेले, मासे नंतर आले. आपल्याकडे क्रम उलटा असतो. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास तपासून सांगितले की, असे मासे सोडल्याने माणसांतील हिवताप घटतो, असे म्हणण्याइतका विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही. काही पाण्यांत अळ्या कमी होतात. पण अळ्या कमी होणे आणि ताप कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे असे का, ते एका गावाच्या नकाशावर पाहू. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठी बोरी अरब आहे. वऱ्हाडातील अशा कोणत्याही नदीकाठच्या मोठ्या गावात डासांची किमान तीन वेगळी घरे असतात. डेंग्यूचा एडिस वाढतो रांजण, कूलर, टायर आणि गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे घरात. तेथे नदीतला किंवा बारवेतला मासा पोहोचत नाही. हत्तीरोगाचा क्युलेक्स वाढतो तुंबलेल्या नालीत आणि शौचालयाच्या टाकीत. नालीतला गप्पी जगतो खरा, पण कचऱ्याच्या थराखाली अळ्यांना लपायला हजार जागा असतात आणि माशाला खायला शेवाळ व घाण मुबलक असते. ग्रामीण हिवतापाचा ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस वाढतो पावसाळ्यानंतर नदीच्या पात्रात उरलेल्या डबक्यांत, कालव्याच्या पाझरात आणि खुरांच्या खळग्यांत. ही पाणी आज आहेत, पंधरवड्याने नाहीत. उरली बारव किंवा जुनी विहीर. आपण नेमकी तीच निवडतो, कारण तेथे छायाचित्र चांगले येते.

मग जुलैत पाऊस येतो. नाली नदीला मिळते, विहीर काठोकाठ भरते, आणि मासा वाहून जातो: अडाणेत, अडाणेतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत, वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहितेत, शेवटी गोदावरीत. वर सांगितलेली ती एक गाभण मादी येथे आठवावी. वाटेत हिवाळ्याच्या डोहांत त्याला भेटतात देशी माशांची अंडी आणि नवजात पिले. गप्पी आणि गंबुसिया हे केवळ अळीभक्षक नाहीत. तोंडात मावेल ते खाणारे आहेत. त्यातही गंबुसिया इतरांचे पर कुरतडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या झऱ्यांमधील तांबड्या परांचा एक चिमुकला मासा गंबुसियाच्या अतिक्रमणामुळे नामशेष होण्याच्या काठावर आला. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत गंबुसिया आहे. आणि गंमत पाहा: रशियात सोचीजवळ आडलर येथे याच माशाचे, हिवताप हटवल्याबद्दल, स्मारक उभारलेले आहे. एका काठावर स्मारक, दुसऱ्या काठावर आरोपपत्र. इतिहासकाराला याहून चांगला विषय कोणता?

आपल्या बारवांचे नुकसान आणखी जवळचे आहे. जुने पाणी रिकामे नसते. चतुरांच्या अळ्या, पाठीवर पोहणारे किडे, बेडकांची पिल्ले हे सारे तेथे आधीपासून असतात, आणि त्यांतले कित्येक डासांच्या अळ्याच खातात. आपण गाळाबरोबर त्यांना उपसतो, मग ‘आता डास होतील’ म्हणून गप्पी सोडतो, आणि गप्पी उरलेल्यांची अंडी व पिले संपवतो. विहिरीत काय काय असू शकते, हे केरळला विचारावे: तेथे कोट्टयमच्या एका विहिरीतून आलेला आंधळा, फिकट मासा १९५० मध्ये विज्ञानाला नवा ठरला, आणि २०१९ मध्ये कोळिकोडच्या एका विहिरीतून आणखी एका भूगर्भवासी प्रजातीचे वर्णन झाले. महाराष्ट्राच्या बारवांत आणि गडांवरच्या टाक्यांत असे कसून कोणी पाहिलेले नाही. पाहण्याआधीच आपण तेथे दक्षिण अमेरिकेचा मासा सोडत सुटलो आहोत. वीरगळाला ऑइलपेंट फासणाऱ्याला आपण शिव्या घालतो. हेही तेच आहे, फक्त रंग खरवडता येतो आणि मासा खरवडता येत नाही.

मग डासांचे काय, हा रास्त प्रश्न आहे. तापाने फणफणणाऱ्या पोरासमोर जैवविविधतेचे व्याख्यान देणे निर्दयपणाचे आहे. उत्तर लांब नाही. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गाव आहे. त्यांनी घरागणिक शोषखड्डे केले, सांडपाणी जमिनीत जिरवले, उघड्या नाल्याच उरू दिल्या नाहीत. डासांना जागाच राहिली नाही. पुढे याला ‘नांदेड पॅटर्न’ म्हटले गेले. यात एकही मासा नाही. घरातल्या भांड्यांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस आहे, टाकीला झाकण आहे, शौचालयाच्या नळीला जाळी आहे. हे कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र देखणे येत नाही, आणि ते ग्रामपंचायतीकडे वारंवार मागावे लागते. बेंटलीलाही हे कळले होते. त्यानेच १९२५ साली बंगालविषयी लिहिताना हिवतापाचे मूळ रेल्वे आणि रस्त्यांच्या बांधांत दाखवले होते, कारण त्या बांधांनी पुराच्या पाण्याची वाट अडवली होती. सरकारचा नोकर सरकारच्या बांधकामाकडे बोट दाखवत होता.

सिमेंटच्या बंद हौदात, ज्याचे पाणी ओढ्याला कधीच मिळणार नाही अशा जागी, आरोग्य कर्मचारी गप्पी ठेवत असतील तर माझा त्यांच्याशी वाद नाही. हाताशी दुसरे काही दिलेले नसताना ते आपले काम करीत आहेत. वाद आपल्याशी आहे.

बारव-मोहिमेतील मित्रांना प्रत्यक्ष सांगायचे ते असे. मासे सोडू नका, देशीसुद्धा दुसऱ्या खोऱ्यातून आणून सोडू नका. गाळ एकदम सगळा न काढता टप्प्याटप्प्याने काढा आणि काढलेला एक दिवस काठावरच राहू द्या, म्हणजे त्यातले जीव परत पाण्यात जातील. गप्पी आधीच असतील तर मे महिन्यात पाणी तळाला गेलेले असताना बारीक जाळीने धरा. पण धरलेले नदीत किंवा दुसऱ्या विहिरीत सोडू नका. आणि बारवेच्या नोंदपत्रकात आपण लांबी, रुंदी, पायऱ्या, देवकोष्ठे, शिलालेख असे रकाने भरतो, त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: पाण्यात काय दिसले, कोणत्या महिन्यात, आणि गावातील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत तेथे पूर्वी कोणते मासे होते. मासेमारी करणाऱ्या भोई आणि ढिवर कुटुंबांना हे विचारा. नावे ते सांगतील तशीच लिहा, पुस्तकातल्या नावांशी जुळवण्याची घाई करू नका. भरलेले रकाने या धाग्याखाली टाकावेत. गाव, तालुका आणि महिना लिहायला विसरू नये.